लग्नाच्या केकचा खर्च

वाचनपाठ : योहान २:१–११, लूक १४:२८–३०, नहेम्या ८:१०–१२

प्रस्तुत पाठाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. केक ही काही शास्त्राभ्यासाची बाब नव्हे, असे एका वडील उपदेशकांनी मला तोंडावर सांगितलेही. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत सांप्रत एकही लग्न केकवाचून होत नाही, आणि तो केक कोठून आणावा, केवढा आणावा व त्याचे पैसे कोणी द्यावे, या चिंतेत किती घरांची झोप उडते हे पाळकाला ठाऊक असते. ज्या गोष्टीने बापाची झोप उडते ती गोष्ट पाठाला क्षुद्र म्हणता येत नाही.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका मंडळीत मी असताना एका सभासदाच्या मुलीचे लग्न ठरले. घरची दोन एकर जमीन, तीही विहिरीच्या भरवशाची. लग्नाची सूचना लिहून घेण्यास तो आला तेव्हा जाता जाता त्याने विचारले, "पाळकसाहेब, केक केवढा लागतो हो?" मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "ज्याची त्याची हौस." एवढ्यावर तो गेला. त्याला माहिती हवी होती आणि त्याहून अधिक आधार हवा होता, हे मला तेव्हा कळावयास पाहिजे होते.

लग्न मे महिन्यात, दुपारी चार वाजता नेमलेले. व्याह्यांकडच्या एका लग्नात पाच थरांचा केक होता, म्हणून येथेही पाच थर हवेत असे ठरले, आणि मुलीचा मामा तो आणण्यास जीप घेऊन शहरात गेला. चार वाजले, पाच वाजले, मामाचा पत्ता नाही. मामाशिवाय मुलगी देवळात पाऊल टाकीना. मी झगा घालून दारात उभा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विधीची वेळ सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात अशी बांधून दिलेली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझी दशा समजेल. सहाला काही मिनिटे असताना जीप आली. उपदेश मी गाळला, गीत एकच घेतले, आणि वचने घेताना वधूवरांच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी दोनदा घड्याळाकडे पाहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे मांडवात केक उघडला तो साठ किलोमीटरच्या उन्हाने त्यावरची मलई एका अंगाला ओघळलेली. मुलीने वरच्या थरात सुरी घातली तेव्हा ती करकरली. वरचे दोन थर थर्माकोलचे होते. मामाला ते दुकानात सांगितले होते किंवा नाही, हा वाद त्या घरात पुष्कळ दिवस चालला. मांडवात मात्र पोरे हसली, आणि मग थोर माणसेही हसली. उरलेले तीन थर पुढच्या दोन ओळींतच संपले. बाहेर बसलेल्या बाया, भांडी घासणाऱ्या, मांडववाले, यांच्या वाट्याला कणही आला नाही. मुलीची आजी घरात अंथरुणावर होती; तिने रात्री विचारले, "केक कसा होता रे?" तेव्हा कोणाला उत्तर सुचले नाही.

केकचे सोळा हजार रुपये झाले होते. ते शेवटच्या आठवड्यात दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने काढलेले. म्हणजे महिन्याला ४८० रुपये. कांद्यावर फेडू असा हिशेब होता. त्या साली कांद्याला भाव लागला नाही, आणि रक्कम वर्षभर राहिली. तेव्हा ५,७६० रुपये नुसते व्याजाचे गेले.

आता शास्त्रवचनाकडे वळू. काना गावच्या लग्नाचा वृत्तांत आपण विवाहविधीत नेहमी वाचतो, परंतु तो वाचताना आपले लक्ष चमत्कारावर खिळते आणि घराच्या अडचणीवरून निसटते. लग्नघरी पुरवठा संपला आहे. गावातल्या घराला यापेक्षा मोठी फजिती नाही. ती आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी प्रभू काय करतो ते बारकाईने पाहावे. तो बाजारातून काही आणवीत नाही. घरातच, शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा दगडी रांजण उभे होते. त्याच रांजणांत पाणी भरावयास तो सांगतो. दुसरे असे की, ही गोष्ट कोणाला कळली? भोजनकारभाऱ्याला कळली नाही, वराला कळली नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होते. घरधन्याची उणीव पंगतीपुढे उघडी न पडता भरून निघाली.

येथे उपदेशकांना एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो योग्यच आहे. एकेका रांजणात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे सहा रांजणांचे मिळून अदमासे ५०० ते ७०० लिटर झाले. प्रभूने एवढे दिले, आणि तेही उत्तम दिले, मग आम्ही हात का आखडावा? याचे उत्तर असे की, प्रभूने लग्नाची हौस हिणवली नाही, आणि आपणही हिणवू नये. मुलीला केक हवा असेल तर ते पाप नव्हे. परंतु कानातले विपुलपण दाराशी बसलेल्यालाही पुरावे असे होते, आणि त्याचे ऋण कोणाच्या डोक्यावर बसले नाही. आमच्या पाच थरांची गोष्ट नेमकी उलटी झाली: उंची सर्वांना दिसली, तुकडा थोड्यांना मिळाला, आणि ऋण एकट्या बापाला.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज शोक करू नका, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. सणाचे माप तेथे वाट्यावरून धरलेले आहे. हेच माप केकला लावावे, असे माझे सांगणे आहे. किती थर, हा प्रश्न सोडून द्यावा. माणसे किती, आणि शेवटच्या माणसाच्या हातावर काय पडेल, हे आधी विचारावे. लूकच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणाराही आधी बसून हिशेब करतो, नाहीतर पाहणारे त्याला हसतात. आमच्या मांडवातले हसणे मला त्या वचनापाशी हटकून आठवते.

हे थर मुळात आले कोठून, तेही जाणून घेणे बरे. केकवाचून ख्रिस्ती लग्न अपुरे, अशी समजूत आमच्यात रुजली आहे. वस्तुतः पवित्र शास्त्रात त्याची आज्ञा नाही, आणि वर सांगितलेल्या कायद्यातही नाही. कायदा साक्षीदार दोन मागतो, केक मागत नाही. प्राचीन रोमी लोकांत, ख्रिस्ती धर्माचा त्यांना गंधही नव्हता तेव्हापासून, विवाहाच्या एका विधीत वधूवर एका जातीच्या गव्हाची पोळी अर्पण करून वाटून खात. हल्लीचा पांढरा उंच केक मात्र इंग्लंडच्या राजघराण्याकडून आला. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातील केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता. परंतु तो उंच नव्हता, जात्याच्या पाळीसारखा आडवा पसरलेला, सुमारे १४ इंच जाडीचा होता. १८५८ साली तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक उंच झाला. पण त्यात खालचा भाग तेवढा केक होता, वरचे सगळे साखरेचे कोरीवकाम होते. म्हणजे वरचे थर दिखाऊ असण्याची रीत आमच्या थर्माकोलपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

त्याच देशातील दुसरी एक हकीकत मला अधिक उपयोगी वाटते. दुसऱ्या महायुद्धात तेथे साखर १९४० च्या जानेवारीपासून मोजून मिळू लागली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केकवर साखरेचा मुलामा चढविण्यास सरकारने बंदी केली. तेव्हा लग्नघरची माणसे पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टरचे पांढरे थर भाड्याने आणीत आणि त्याखाली लहानसा साधा केक झाकून ठेवीत. साखर, लोणी, सुका मेवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिध्यातून थोडाथोडा जमवीत. १९४७ च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले तेव्हाही शिधा चालूच होता. तिचा चार थरांचा, नऊ फूट उंचीचा केक झाला खरा, पण त्याचे जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्सनी पाठविले होते. पुठ्ठ्याचे ते थर मला खोटे वाटत नाहीत, कारण आत काय आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाच्या घरी तीच टंचाई होती. आमचा थर्माकोल लागला तो एवढ्यासाठी की, तो लपविण्यासाठी पैसे मोजले होते.

कर्जाविषयीही एक शब्द. लग्नखर्चाने शेतकरी बुडतो, असे मी व्यासपीठावरून पुष्कळदा बोललो आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यांच्या चौकशीस नेमलेल्या मंडळाचा अभिप्राय वाचल्यावर मला माझे बोलणे थोडे सुधारावे लागले. लग्नाचा खर्च रयतेच्या देण्यात भर घालतो, परंतु कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो, असे त्या मंडळाला आढळले. पाऊस, सारा आणि व्याज यांची मुळे अधिक खोल होती. म्हणून वधूपित्याला उधळ्या म्हणण्याआधी पाळकाने दहादा विचार करावा. केक कोणाला बुडवीत नाही. तो आधीच वाकलेल्या पाठीवर शेवटच्या आठवड्यात, सर्वांत चढ्या व्याजाने येऊन बसतो. लोकांच्या याच ओझ्याकडे पाहून १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने थोडक्या खर्चाची लग्ने लावून दाखविली. आपण त्यांच्यापासून शिकण्यास लाजू नये.

आता प्रत्यक्ष हिशेब. तो मी एका भट्टीवाल्याकडून व आमच्या स्त्रीमंडळाकडून शिकलो, गुरुकुलात नव्हे.

दोन बोटे रुंद व चार बोटे लांब असा केकचा तुकडा सुमारे ४० ग्रॅम भरतो. लग्नात, जेवणाआधी वा नंतर, एका माणसाला तो पुरतो. दोनशे माणसांना ८ किलो केक झाला. शहरातील सजविलेला केक वजनावर विकत घेतला तर पैसे पुष्कळसे मलई, सजावट आणि रचना यांचे पडतात. साधा लोण्याचा केक घरच्या जिन्नसाचा असतो आणि त्याचे माप लहान मुलालाही पाठ होईल: मैदा, साखर, लोणी आणि फोडलेली अंडी, चारही समान वजनाची. मैदा अर्धा किलो घेतला तर बाकीची तिन्हीही अर्धा-अर्धा किलो. दुकानची अंडी सुमारे दहा लागतात. गावठी अंडी लहान असतात, ती तेरा-चौदा लागतील, म्हणून मोजू नयेत, तोलावीत. तीन लहान चमचे बेकिंग पावडर, चवीला वेलची किंवा व्हॅनिला. चारही मिळून दोन किलो होतात. भट्टीत दहावा हिस्सा उडतो. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम केक, ४५ तुकडे. असे पाच घाण केले तर सव्वादोनशे तुकडे निघतात, आणि त्यास मैदा, साखर, लोणी प्रत्येकी अडीच किलो व अंडी पन्नास एवढेच लागते. यांत सर्वांत महाग लोणी. निम्मे लोणी व निम्मे वनस्पती तूप घेतले तर चव फारशी उतरत नाही. सगळेच वनस्पती घेऊ नये, टाळूला चिकटते.

भट्टी बांधण्याची गरज नाही. दिवाळीत आपण रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणतो, तीच रीत. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टीचा ताप उतरतो, तेव्हा भट्टीवाल्याला मजुरी देऊन आपले ट्रे आत लावून घ्यावेत. ३० सेंटिमीटर रुंद व ४० लांब अशा पत्र्याच्या ट्रेमध्ये एक घाण नीट बसतो आणि त्याचे तुकडेही सारखे पडतात. आधी लोणी व साखर पांढरी होईपर्यंत फेसावी, मग अंडी थोडीथोडी घालावीत, मैदा शेवटी हलक्या हाताने. अडीच किलो लोणी-साखर हाताने फेसणे हे दांडग्या मनगटाचे काम आहे, आणि ते बायांवर ढकलण्याचे कारण मला दिसत नाही. मंडळीतले जे तरुण लग्नात नाचण्यास पुढे असतात त्यांना पराती द्याव्यात. केक आदल्या संध्याकाळी करावा, पूर्ण निवू द्यावा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवावा, आणि लग्नाच्या दिवशीच कापावा. मे महिन्यात मलईचा विचारही करू नये. पिठीसाखर लिंबाच्या रसात दाट कालवून वर ओतली तर ती उन्हात ओघळत नाही, वाळून पांढरी कडक होते. फुले लावावयाची तर ताटाभोवती, केकवर नकोत. फवारणीची फुले पोटात जाऊ नयेत. कण्हेर तर जवळही आणू नये, ती विषारी आहे.

दोन वर्षांनी त्याच मंडळीत दुसऱ्या एका मुलीचे लग्न ठरले. या वेळी मी वही मिटून ठेवली. तिच्या बापाला व तिला समोर बसविले आणि तिलाच विचारले, "मुली, केक तुला कशासाठी हवा?" ती जरा लाजली व म्हणाली, "फोटोसाठी, पाळकसाहेब." उत्तर प्रामाणिक होते, आणि फोटोला जेवढे हवे तेवढे केले: एक मोठा व एक लहान असे दोन गोल डब्यांतले केक एकावर एक, वर लिंबाची साखर. बाकी सगळे ट्रेमध्ये. पंचमंडळींनी सुचविले की या वेळी आहेरात स्टीलची पातेली नकोत. प्रत्येक घराने अंडी द्यावीत. अकरा घरांतून पन्नासाच्या वर अंडी आली. कोणी पाच दिली, एका विधवा मावशींनी दोन दिली. कोणी किती दिली, ते स्त्रीमंडळाच्या चिटणीसबाईंशिवाय कोणाला कळले नाही, आणि ते कळू नये असे आम्ही आधीच ठरविले होते.

सर्व काही सुरळीत झाले असे नाही. एक ट्रे भट्टीच्या मागच्या बाजूस राहिला व खालून करपला; तेवढा भाग सुरीने काढून टाकावा लागला, आणि तो तळ पोरांनी तेथेच संपविला. लोणी निम्मे व वनस्पती निम्मे असता एका घाणात वनस्पती अधिक पडले, ते खाणाऱ्याला कळले. तरी जिन्नस, भट्टीची मजुरी व जीपचे भाडे मिळून अडीच हजारांच्या आत काम झाले, आणि व्याजाने एक रुपयाही काढावा लागला नाही. लग्न नेमल्या वेळी, साडेदहाला लागले. केक वाटताना भांडी घासणाऱ्यांपासून आरंभ केला. यावर वराकडील एक गृहस्थ रुसले. आधी व्याही, मग चाकर, हा रिवाज मोडला असे ते म्हणाले. त्यांची समजूत मी घातली की नाही हे मला सांगता येत नाही, कारण ते दुसरा तुकडा घेऊन गेले.

उपदेशकांनी हा पाठ घेताना मंडळीला पुढील गोष्टी विचाराव्यात. कानातील घरात पुरवठा संपला हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले, आणि आपल्या मंडळीत लग्नघरची अडचण प्रथम कोणाच्या ध्यानात येते? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, एकजण भुकेला राहतो व दुसरा अतिशय घेतो, यावरून पौल त्या मंडळीवर रागावतो. तो राग आपल्या कोणत्या पंगतीस लागू पडतो? आणि ज्या घरात यंदा लग्न आहे त्या घराने सूचना लिहून देण्याच्या दिवशीच खर्चाचे बोलणे पाळकापाशी व एका वडिलांपाशी करावे, असा ठराव मंडळीस मान्य होईल काय? या शेवटच्या प्रश्नावर घाईने हात वर करवू नयेत. ज्या घरी लग्न आहे ती माणसे त्या दिवशी समोर बसलेली असतात.

आमच्या मंडळीने पत्र्याचे पाच ट्रे व दोन गोल डबे तालुक्याच्या गावी लोहारकाम करणाऱ्याकडून करवून घेतले आहेत. ते चिटणीसबाईंच्या घरी असतात. शेजारच्या मंडळ्यांनीही मागावेत. आठ दिवस आधी निरोप द्यावा, परत आणताना घासून आणावेत, आणि गोल डब्यांपैकी लहान डब्याचा तळ सैल आहे, त्यास आतून कागद लावावा.